वाचक एकीकडे, वृत्तपत्रं दुसरीकडे

प्रस्तावना

स्कॉटलंडमध्ये १८ सप्टेंबर २०१४ रोजी सार्वमत झालं. देश स्वतंत्र व्हावा, असा कौल १६ लाख १७ हजार ९८९ मतदारांनी दिला. मतदान केलेल्यांपैकी हे ४४.७ टक्के. त्यांच्या बाजूने अग्रलेख लिहिणारं प्रमुख वृत्तपत्र एकच होतं, 'संडे हेरल्ड', आणि तेही फक्त रविवारी निघायचं. सोमवार ते शनिवार ही माणसं एडिंबरात, ग्लासगोत, डंडीत पेपरच्या दुकानात जात, तेव्हा तिथल्या एकाही मोठ्या दैनिकाचं संपादकीय पान त्यांच्या मताचं नसे. काही दैनिकं तटस्थ होती, बाकीची विरोधात.

या पुस्तकाचं मूळ या विसंगतीत आहे. माझी उमेदीची वर्षं वृत्तपत्राच्या डेस्कवर गेली. मथळा कसा ठरतो, कुठली बातमी पहिल्या पानावर जाते आणि कुठली आतल्या पानावर सरकते, हे मी रोज पाहिलं आहे. त्यामुळे स्कॉटलंडच्या सार्वमताच्या मोहिमेच्या दोन वर्षांबद्दल वाचताना स्वातंत्र्याच्या बाजूच्या आणि विरोधी युक्तिवादांपेक्षा ते लोकांपर्यंत पोहोचले कसे, याकडे माझं लक्ष जास्त जात राहिलं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच मांडते. स्कॉटलंडमधल्या पत्रकारांनी खोटं सांगून सार्वमत फिरवलं, असं मी मानत नाही. बहुतेक बातमीदार प्रामाणिकपणे, रात्रीचा दिवस करून काम करत होते. पण जवळपास निम्म्या समाजाला आपलं म्हणणं आपल्या दैनिकांत सापडत नसेल, तर खरी बातमीसुद्धा संशयाने वाचली जाते. तो संशय एकदा मुरला की रास्त प्रश्न विचारणारा पत्रकारही विरोधकांचा वकील ठरतो. पत्रकारितेचं खरं नुकसान निकालाने झालं नाही, या अविश्वासाने झालं. आणि तो काही आकाशातून पडला नव्हता. त्याला कारणं होती.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. स्कॉटलंड आणि इंग्लंड यांची संसदं १७०७ मध्ये एक झाली. १९९९ मध्ये एडिंबरात स्कॉटलंडची स्वतःची संसद पुन्हा भरू लागली; पुढे ती हॉलिरुड भागात गेली आणि त्याच नावाने ओळखली जाऊ लागली. शिक्षण, आरोग्य, न्यायव्यवस्था तिच्याकडे आली; परराष्ट्र, संरक्षण, चलन लंडनकडेच राहिलं. प्रसारणाचा विषयही लंडनकडेच राहिला आणि या पुस्तकाच्या दृष्टीने तो तपशील महत्त्वाचा आहे. २०११ च्या निवडणुकीत स्कॉटिश नॅशनल पार्टीला १२९ पैकी ६९ जागा मिळाल्या. पक्षाच्या जाहीरनाम्यात सार्वमताचं वचन होतं. १५ ऑक्टोबर २०१२ रोजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन आणि स्कॉटलंडचे फर्स्ट मिनिस्टर अ‍ॅलेक्स सॅमंड यांनी एडिंबरा करारावर सह्या केल्या. स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा का, हा एकच प्रश्न आणि हो किंवा नाही हे एकच उत्तर, असं ठरलं. सोळा वर्षांच्या मुलामुलींनाही मताचा अधिकार मिळाला. 'हो'च्या मोहिमेचं नाव 'येस स्कॉटलंड', 'नाही'च्या मोहिमेचं 'बेटर टुगेदर'. 'येस स्कॉटलंड'चे मुख्य कार्यकारी ब्लेअर जेन्किन्स हे बीबीसी स्कॉटलंडच्या वृत्तविभागाचे माजी प्रमुख होते, तर 'बेटर टुगेदर'चं नेतृत्व माजी अर्थमंत्री अ‍ॅलिस्टर डार्लिंग यांच्याकडे होतं.

ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांना एक नियम आहे आणि नभोवाणी-दूरचित्रवाणीला दुसरा. वृत्तपत्राने बाजू घेण्यात काहीच वावगं मानत नाहीत, उलट निवडणुकीआधी ते कोणाच्या बाजूने उतरतं याची वाट पाहिली जाते. प्रसारकांवर मात्र निःपक्ष राहण्याचं बंधन आहे. म्हणून वृत्तपत्रं एका बाजूला झुकली तर लोक नाराज होतात. बीबीसी झुकली असं वाटलं तर ते फसवणूक झाल्यासारखे चिडतात. कारण तिचे पैसे ते परवाना शुल्काच्या रूपाने स्वतःच्या खिशातून भरतात.

वृत्तपत्रांचं दुखणं जुनं आहे. ग्लासगोचं 'हेरल्ड' १७८३ पासूनचं, एडिंबराचं 'स्कॉट्समन' १८१७ पासूनचं. दोघांनाही आपण राष्ट्रीय दैनिक असल्याचा अभिमान. पण २०१४ मध्ये 'हेरल्ड' ज्या न्यूजक्वेस्ट समूहाचं होतं त्याची मालकी अमेरिकन कंपनीकडे होती, 'स्कॉट्समन' जॉन्स्टन प्रेसकडे, आणि कष्टकऱ्यांचं म्हणून ओळखलं जाणारं 'डेली रेकॉर्ड' लंडनच्या ट्रिनिटी मिररकडे. याशिवाय लंडनच्या दैनिकांच्या स्कॉटिश आवृत्त्या खपत होत्या त्या वेगळ्या. खप वर्षानुवर्षं घसरत होता, माणसं कमी केली जात होती. दोन वर्षं चाललेली, चलनापासून निवृत्तिवेतनापर्यंत आणि पाणबुड्यांपासून युरोपीय संघापर्यंत पसरलेली चर्चा पेलायला ज्या काळात अनुभवी माणसं हवी होती, नेमकी त्याच काळात ती कचेऱ्यांतून जात होती. मालक फोन करून अग्रलेख लिहवून घेतो, असं चित्र रंगवायची गरज नाही. अग्रलेखाची भूमिका ठरवताना कुठल्याही संपादकाला आपल्या धंद्याची, जाहिरातदारांची, नेहमीच्या वाचकाची नाडी माहीत असते. सध्याची व्यवस्था चालू ठेवणं हा त्यातला सर्वांत कमी जोखमीचा मार्ग होता.

इथे मराठी वाचकाला गोवा आठवेल. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण व्हावं की नाही, हा प्रश्न होता. मराठी 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने उभा होता आणि मराठी 'राष्ट्रमत' कडाडून विरोधात. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर त्या काळात घरोघरी वाचलं जाई. दोन्ही वृत्तपत्रं पक्षपाती होती आणि ते कोणी लपवलंही नाही. पण १ लाख ७२ हजार १९१ विरुद्ध १ लाख ३८ हजार १७० असा निकाल लागला, तेव्हा हरलेल्या बाजूला आपलं कोणी छापलंच नाही असं म्हणता आलं नाही. स्कॉटलंडमध्ये म्हणता आलं.

बीबीसीची गोष्ट मात्र वृत्तपत्रांपेक्षा गुंतागुंतीची आहे आणि या पुस्तकाची सर्वाधिक पानं तिला दिली आहेत. १९९८ मध्ये, नवी संसद येणार हे ठरल्यावर, संध्याकाळी सहाचं बातमीपत्र स्कॉटलंडसाठी स्कॉटलंडमध्येच तयार व्हावं, असा प्रस्ताव पुढे आला. जगाच्या, ब्रिटनच्या, स्कॉटलंडच्या बातम्या एकत्र, पण निवड एडिंबरा-ग्लासगोच्या नजरेतून. बीबीसीचे तेव्हाचे महासंचालक जॉन बर्ट यांनी तो हाणून पाडला. यातून बीबीसी फुटेल आणि अखेर देशही, अशी भीती त्यांना वाटली. पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना गाठून त्यांनी ती बोलूनही दाखवली, हे पुढे त्यांनीच आत्मचरित्रात सांगितलं. बर्ट यांना मी खलनायक मानत नाही. एका संस्थेचा प्रमुख आपली संस्था अखंड राहावी म्हणून धडपडला, एवढंच. पण बातमी कुठून पाहायची हा संपादकीय प्रश्न त्या दिवशी राज्यकर्त्यांच्या दारात नेला गेला आणि तिथेच मिटवला गेला.

त्याचे परिणाम दहा वर्षांनी मोजले गेले. २००८ मध्ये प्राध्यापक अँथनी किंग यांनी बीबीसी ट्रस्टसाठी अहवाल दिला. त्यासाठी कार्डिफ विद्यापीठाच्या संशोधकांनी बीबीसीच्या देशव्यापी बातम्या तपासल्या होत्या. त्यात आरोग्य आणि शिक्षणाच्या १३६ बातम्या निघाल्या, आणि त्या सगळ्या इंग्लंडबद्दल होत्या. स्कॉटलंडमधल्या शाळा आणि दवाखाने लंडनच्या मंत्र्यांच्या हाताखाली नव्हते, तरी ग्लासगोतली बाई रात्रीच्या बातम्यांत इंग्लंडच्या शाळांचा वाद ऐकत होती आणि तो फक्त इंग्लंडपुरता आहे, हे तिला स्पष्ट सांगितलं जातंच असं नव्हतं. अहवालानंतर सुधारणा झाल्या. पण सार्वमताची मोहीम सुरू झाली तेव्हा लोकांच्या मनात हा हिशेब आधीच बसलेला होता.

त्यात आणखी एक अडचण. २६ नोव्हेंबर २०१३ रोजी सॅमंड सरकारने स्वतंत्र स्कॉटलंडचा आराखडा प्रसिद्ध केला, सहाशेहून अधिक पानांचा ग्रंथच तो. स्वातंत्र्यानंतर बीबीसी स्कॉटलंडच्या माणसांवर आणि मालमत्तेवर उभी राहणारी नवी सार्वजनिक प्रसारण संस्था काढायची, हे त्यात लिहिलं होतं. म्हणजे 'हो' जिंकलं असतं तर बीबीसीची वाटणी झाली असती. ज्या संस्थेने दोन्ही बाजूंना समान न्याय द्यायचा, तिचंच भवितव्य त्या मतपत्रिकेवर होतं. या परिस्थितीत कितीही काटेकोर वागलं तरी संशयातून सुटका नव्हती. हे बीबीसीच्या बाजूनेही सांगितलं पाहिजे.

जानेवारी २०१४ मध्ये वेस्ट ऑफ स्कॉटलंड विद्यापीठातल्या जॉन रॉबर्टसन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सप्टेंबर २०१२ ते सप्टेंबर २०१३ या वर्षभरातली बीबीसी आणि स्कॉटलंडमधली खासगी वाहिनी एसटीव्ही यांची संध्याकाळची बातमीपत्रं त्यांनी ऐकून वर्गवारी केली होती. 'नाही'ला अनुकूल आणि 'हो'ला अनुकूल मजकुराचं प्रमाण साधारण तीनास दोन निघालं. बीबीसीने त्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले आणि विद्यापीठाला पत्र लिहिलं. मार्चमध्ये हॉलिरुडच्या समितीपुढे दोन्ही बाजूंची साक्ष झाली. रॉबर्टसन यांच्या वर्गवारीत त्रुटी काढता येतील. कुठलं वाक्य कोणाला अनुकूल, हे ठरवणं शेवटी माणसाच्या मतावर येतं. मला त्या अभ्यासातलं प्रमाणापेक्षा प्रमाण कसं तयार झालं हे जास्त मोलाचं वाटतं.

एखादा विषय निघाला की वृत्तविभाग सवयीने प्रत्येक पक्षाची प्रतिक्रिया घेतो. लेबर, काँझर्व्हेटिव्ह आणि लिबरल डेमोक्रॅट हे तिन्ही पक्ष 'नाही'च्या बाजूचे, समोर स्कॉटिश नॅशनल पार्टी आणि छोटा ग्रीन पक्ष. संसदेचं वार्तांकन म्हणून ही वाटणी अगदी न्याय्य. सार्वमताचं वार्तांकन म्हणून तीच तीनास दोन होऊन बसते. कोणी ठरवून केलं नाही, जुना साचा नव्या प्रश्नाला लावला इतकंच. मतदानाआधीच्या सोळा आठवड्यांसाठी वेगळे नियम आले आणि दोन बाजूंचं माप लागू झालं, पण तोवर दीड वर्ष उलटून गेलं होतं आणि अनेकांचं मत बनलं होतं.

दुसरा साचा इशाऱ्यांचा. स्वातंत्र्य मिळालं तर अमुक कंपनी जाईल, तमुक महाग होईल, असं कोणीतरी प्रसिद्धिपत्रक काढतं. त्याला नाव असतं, हुद्दा असतो, बहुतेकदा आकडाही असतो. बातमीला जे जे लागतं ते सगळं तयार. याच्या उलट, आमचं गाव वेगळं उभं राहू शकेल असं एखाद्या सभागृहात जमलेल्या माणसांना वाटत असेल, तर त्याचं प्रसिद्धिपत्रक निघत नाही. त्यामुळे डेस्कवर बसलेल्या उपसंपादकासमोर सकाळी पाच इशारे येतात आणि एकही आशा येत नाही. पाचपैकी सर्वांत मोठा इशारा पहिल्या पानावर जातो. संध्याकाळी 'हो'चा प्रवक्ता त्याला उत्तर देतो आणि उत्तर देणारा नेहमीच बचावात दिसतो. जून २०१३ मध्ये 'संडे हेरल्ड'ने छापलं की 'बेटर टुगेदर'मधली मंडळी खासगीत आपल्याच मोहिमेला 'प्रोजेक्ट फिअर' म्हणतात. ते नाव मग त्या मोहिमेला कायमचं चिकटलं. पण त्या भीतीची रोजची पेरणी करायला मोहिमेला फार कष्ट पडले नाहीत, बातमीदारीच्या सवयींनी ते काम सोपं केलं होतं.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. सगळे इशारे पोकळ नव्हते. १३ फेब्रुवारी २०१४ रोजी ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी एडिंबरात येऊन सांगितलं की स्वतंत्र स्कॉटलंडला पौंडात भागीदारी मिळणार नाही. मग पर्यायी चलन कोणतं, हा प्रश्न विचारणं पत्रकारांचं कर्तव्यच होतं. ५ ऑगस्टच्या एसटीव्हीवरच्या वादचर्चेत डार्लिंग यांनी सॅमंड यांना तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आणि समाधानकारक उत्तर मिळालं नाही. २५ ऑगस्टला ग्लासगोच्या केल्विनग्रोव्ह संग्रहालयात बीबीसीची चर्चा झाली, तिच्यात सॅमंड यांनी बाजी मारली. दोन्ही वेळा पाहणी झाली ती कोण जिंकलं याची, आणि दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांतही तेच. चलनाचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला. कुस्तीचा निकाल सांगावा तसं सांगितलं की प्रेक्षक खूश होतो. मतदाराला मात्र त्याच्या निवृत्तिवेतनाचं काय होणार ते कळत नाही.

आता ११ सप्टेंबर २०१४ च्या सकाळकडे थोडं जवळून पाहू, कारण साठत आलेला अविश्वास त्या दिवशी फुटला. एडिंबरात सॅमंड यांची पत्रकार परिषद होती, परदेशी पत्रकारही बसले होते. 'हो' जिंकलं तर आपलं नोंदणीकृत कार्यालय लंडनला नेऊ, अशी भूमिका रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने घेतल्याची बातमी ताजी होती. बीबीसीचे राजकीय संपादक निक रॉबिन्सन यांनी दोन प्रश्न विचारले. बँक गेली तर कराचं उत्पन्न जाईल त्याचं काय, आणि अब्जावधींचे व्यवहार सांभाळणाऱ्या उद्योगांच्या प्रमुखांपेक्षा मतदारांनी तुमच्यावर विश्वास का ठेवावा. सॅमंड यांनी लांबलचक उत्तर दिलं. कार्यालयाच्या पत्त्यावर कंपनीकर ठरत नाही, हे सांगितलं. बाजारावर परिणाम करणारी ही माहिती बँकेच्या संचालकांची बैठक संपण्याआधी अर्थखात्यातून बीबीसीकडे कशी आली, असा उलट सवालही केला. सभागृहातल्या त्यांच्या समर्थकांनी टाळ्या वाजवल्या. रात्रीच्या बातम्यांत रॉबिन्सन यांचा प्रश्न दिसला आणि पाठोपाठ निवेदन आलं की सॅमंड यांनी उत्तर दिलं नाही.

पूर्वी हे एवढ्यावरच संपलं असतं. या वेळी पत्रकार परिषदेचं पूर्ण चित्रण लोकांकडे होतं. रात्रीतून दोन्ही चित्रफिती शेजारी शेजारी ठेवून हजारोंनी पाहिल्या. पहिल्या प्रश्नाला सविस्तर उत्तर आलं होतं. विश्वासाच्या प्रश्नाला सरळ उत्तर आलं नव्हतं, असं रॉबिन्सन यांचं म्हणणं. पुढे त्यांनी त्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला. मिनिटभराच्या बातमीत सात-आठ मिनिटांचं उत्तर बसवताना काय होतं, हे डेस्कवर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. पण जो वाचक-प्रेक्षक आधीच दुखावलेला आहे, तो याला डेडलाइनची घाई मानत नाही. १४ सप्टेंबरच्या रविवारी ग्लासगोत क्लाइड नदीकाठच्या बीबीसी मुख्यालयासमोर मोठा जमाव जमला. रॉबिन्सन यांना काढून टाका, असा त्यांच्या छायाचित्रासह भला मोठा फलक होता.

तो फलक पाहिला की मला आजही अस्वस्थ वाटतं. एका बातमीतल्या चुकीच्या वाक्याचा जाब संस्थेला विचारणं निराळं आणि एका पत्रकाराचा चेहरा फलकावर लावून त्याची नोकरी मागणं निराळं. 'हो'च्या बाजूच्या अनेक सभ्य माणसांनाही तो प्रकार रुचला नव्हता. समाजमाध्यमांवर दोन्हीकडून शिव्यांचा वर्षाव चालू होता. जे. के. रोलिंग यांनी जून २०१४ मध्ये 'बेटर टुगेदर'ला दहा लाख पौंड दिले, तेव्हा त्यांना जे ऐकावं लागलं ते लिहिण्यासारखं नाही. निकालानंतर, १९ सप्टेंबरला, सॅमंड यांनी राजीनामा जाहीर करताना काही विरोधी दैनिकांच्या प्रतिनिधींना पत्रकार परिषदेत येऊ दिलं नाही. सत्तेवरच्या माणसाने बातमीदारांची अशी निवड करणं मला कुठल्याही कारणाने पटत नाही, मग त्याच्यावर आधी कितीही अन्याय झालेला असो.

सगळ्यात जास्त चुकलं ते बहुधा वेगळ्याच ठिकाणी. मोहीम चालू होती गावच्या सभागृहांत, चर्चच्या खोल्यांत, सरकारी वसाहतींच्या जिन्यांवर. 'विमेन फॉर इंडिपेंडन्स', 'रॅडिकल इंडिपेंडन्स कॅम्पेन', कलावंतांचं 'नॅशनल कलेक्टिव्ह' असे गट उभे राहिले. त्यातल्या पुष्कळ कार्यकर्त्यांचा सॅमंड यांच्या पक्षाशी काही संबंध नव्हता. वर्षानुवर्षं मतदारयादीत नाव नसलेल्यांना दारोदार जाऊन अर्ज भरून दिले गेले. यादीत अखेर ४२ लाखांहून अधिक नावं आली आणि मतदान ८४.६ टक्के झालं. ब्रिटनमध्ये सर्वांना मताधिकार मिळाल्यापासून इतकं मतदान कधी झालं नव्हतं. ही त्या काळातली सर्वांत मोठी बातमी होती, आणि ती पत्रकार परिषदांच्या खोलीत बसून दिसण्यासारखी नव्हती. पडद्यावर 'हो' म्हणजे सॅमंड आणि सॅमंड म्हणजे 'हो' असंच राहिलं. लेबरचे खासदार जिम मर्फी आयर्न-ब्रू या शीतपेयाच्या क्रेटवर उभे राहून गावोगाव भाषणं करत होते. ऑगस्टच्या अखेरीस कर्कॉल्डीत त्यांच्या पाठीवर अंडं फुटलं. त्या दौऱ्यात शंभर गावांत लोकांनी काय विचारलं, यापेक्षा ते एक अंडं कितीतरी जास्त वेळ दाखवलं गेलं.

लंडनच्या पत्रकारितेला जाग आली ती ७ सप्टेंबरला. 'संडे टाइम्स'मध्ये यूगव्ह या संस्थेची जनमत चाचणी छापून आली. 'हो' ५१, 'नाही' ४९. त्यानंतरचे अकरा दिवस वेगळ्याच वेगाने गेले. १० तारखेला कॅमेरॉन आणि विरोधी पक्षनेते एड मिलिबँड पंतप्रधानांच्या प्रश्नोत्तराचा तास सोडून स्कॉटलंडला धावले. लंडनचे नामांकित अँकर एडिंबरात तळ ठोकून बसले. स्थानिक पत्रकारांनी दोन वर्षं चघळलेले प्रश्न नवे असल्यासारखे पुन्हा विचारले जाऊ लागले. १४ तारखेला बालमोरल या राजनिवासाजवळच्या क्रेथी चर्चबाहेर राणीने कोणाशी तरी बोलताना लोकांनी भविष्याचा नीट विचार करावा अशा अर्थाचं वाक्य उच्चारलं. वार्ताहरांना त्या दिवशी नेहमीपेक्षा जवळ उभं राहू दिलं होतं. राजवाड्याने तटस्थतेचा निर्वाळा दिला. २०१९ मध्ये कॅमेरॉन यांनी स्वतःच सांगितलं की राणीकडून भुवई किंचित उंचावण्याइतपत काहीतरी व्हावं, अशी विनंती आपण केली होती. बातमी घडते आणि बातमी घडवली जाते, यांतली सीमा त्या चर्चच्या दारात किती पुसट होती, हे कळायला पाच वर्षं जावी लागली.

आणि मग १६ सप्टेंबर. 'डेली रेकॉर्ड'चं पहिलं पान. जुनाट, पिवळसर चर्मपत्रासारखा कागद, वर 'द व्हाउ' ही दोनच शब्दांची प्रतिज्ञा, खाली कॅमेरॉन, मिलिबँड आणि लिबरल डेमोक्रॅट नेते निक क्लेग यांच्या सह्या. 'नाही' म्हणालात तर हॉलिरुडला व्यापक नवे अधिकार मिळतील, असा शब्द. ते चर्मपत्र रेकॉर्डच्याच कचेरीत रचलेलं होतं. मरी फूट तेव्हा संपादक होते. शेवटच्या २८ दिवसांत सरकारांनी नवी घोषणा करू नये, असं ठरलेलं असताना तीन पक्षनेत्यांचा शब्द एका वृत्तपत्राने लोकांपुढे ठेवला. टपालाने मत दिलेल्या लाखो लोकांच्या मतपत्रिका तोवर रवानाही झाल्या होत्या. ती बातमी होती, जाहिरात होती की करार? माझ्या मते ते वृत्तपत्राने आपलं पहिलं पान मोहिमेच्या हवाली करणं होतं, आणि ते पान इतकं देखणं जमलं होतं म्हणून त्याबद्दल अधिक कठोर बोललं पाहिजे. त्या पानाने निकाल फिरला का, याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. त्या वचनातून लॉर्ड स्मिथ यांचा आयोग आणि २०१६ चा स्कॉटलंड कायदा आला, हे मात्र खरं. फूट यांचं पुढे मतपरिवर्तन झालं. त्यांनी स्वातंत्र्याला पाठिंबा जाहीर केला आणि नंतर ते स्कॉटिश नॅशनल पार्टीच्याच प्रसिद्धिविभागाचे प्रमुख झाले.

'संडे हेरल्ड'कडेही याच कसोटीने पाहायला हवं. ४ मे २०१४ रोजी त्याने 'हो'ची बाजू घेतली. मुखपृष्ठ कादंबरीकार-चित्रकार अ‍ॅलस्डेअर ग्रे यांनी केलं होतं. संपादक रिचर्ड वॉकर यांनी अग्रलेखाची भूमिका आणि बातमीची पानं वेगळी राहतील, असं सांगितलं. खप वाढला. भाऊबंद दैनिक 'हेरल्ड' मात्र 'नाही'च्या बाजूने गेलं, एकाच मालकाची ही दोन पत्रं. निकालानंतर त्याच समूहाने, वॉकर यांच्याच संपादकपदाखाली, २४ नोव्हेंबरला स्वातंत्र्याची बाजू घेणारं 'द नॅशनल' हे दैनिक पाच दिवसांच्या प्रयोगापुरतं काढलं. ते इतकं खपलं की कायम झालं. म्हणजे या वाचकासाठी दैनिक चालू शकतं, हा शोध मालकांना लागला तो मतदानानंतर दोन महिन्यांनी. तोवर तो वाचक दुसरीकडे गेला होता. वर्गणी गोळा करून चालणारी संकेतस्थळं, पुस्तिका, चित्रफिती यांवर त्याची भिस्त होती. तिथे त्याला आपलं म्हणणं मिळालं, पण त्याला विरोध करणारं, खोडून काढणारं फारसं काही मिळालं नाही. वृत्तपत्रांनी सोडलेल्या जागेत उभं राहिलेलं हे जग या पुस्तकाच्या उत्तरार्धात आहे. त्याचं कौतुक मी करते तिथेही त्यातल्या एकसुरीपणाची काळजी लपवलेली नाही.

पुस्तकाची मांडणी काळाच्या क्रमाने आहे. सुरुवात १९९८ मधल्या सहाच्या बातमीपत्राच्या वादाने होते आणि शेवट फेब्रुवारी २०१९ मध्ये, जेव्हा बीबीसीने स्कॉटलंडसाठी वेगळी वाहिनी सुरू केली आणि रात्री नऊचं तासाभराचं बातमीपत्र दिलं. मधल्या प्रकरणांत एकेक घटना घेऊन ती कोणत्या दैनिकाने कुठल्या पानावर, कोणत्या मथळ्याखाली छापली आणि कोणत्या बातमीपत्रात ती कितव्या क्रमांकावर आली, ते मांडलं आहे. ज्यांना स्वातंत्र्याच्या आर्थिक बाजूत रस आहे त्यांनी चलन आणि तेलाची दोन प्रकरणं आधी वाचली तरी चालतील. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी मात्र ११ सप्टेंबरच्या पत्रकार परिषदेचं प्रकरण सोडू नये. तिथे पूर्ण प्रश्नोत्तरांचा सारांश आणि बातमीत उरलेला भाग समोरासमोर ठेवला आहे आणि निवाडा वाचकावर सोडला आहे.

डार्लिंग २०२३ मध्ये गेले, सॅमंड २०२४ मध्ये. नवं सार्वमत लंडनच्या संमतीशिवाय घेता येणार नाही, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये सांगितलं, पण प्रश्न मिटलेला नाही. प्रसारणाचा अधिकार आजही लंडनकडेच आहे. पुन्हा कधी तशी मतपत्रिका छापली गेलीच, तर सोळाव्या वर्षी पहिलं मत दिलेली ती मुलं तेव्हा संपादकांच्या खुर्च्यांत असतील. २०१४ मध्ये घरात आलेला पेपर त्यांनी कोणत्या नजरेने वाचला होता, हे तेव्हा महत्त्वाचं ठरेल.